उसना प्राणवायू

मोटार पेट्रोलवर चालते, असे म्हणण्याची रूढी आहे. ही गोष्ट अर्धीच खरी होय. एक लिटर पेट्रोल पुरतेपणी जळावयाचे, तर त्याला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल हवे तितके पुरविता येते. एखादे छिद्र थोडे मोठे केले की काम भागते. हवेचे तसे नाही. सिलिंडरच्या पोकळीत एका दमात जेवढी हवा मावेल तेवढीच जाते, आणि तिच्यातील प्राणवायूचा अंश तर वजनाने जेमतेम तेवीस टक्के. इंजिनाच्या बळाला खरी मर्यादा पडते ती येथे. ही मर्यादा ओलांडण्यासाठी गेल्या शतकात जे उपाय योजले गेले, त्यांपैकी सर्वांत चमत्कारिक उपाय म्हणजे नायट्रस ऑक्साइड हा बाटलीत भरून नेलेला वायू.

आज हा वायू मोटारींच्या हौशी मंडळींत सुपरिचित आहे. गाडी बहुतांशी कारखान्यातून आली तशीच आहे. फार तर सायलेन्सर बदललेला आहे आणि एअर फिल्टर नवा बसविलेला आहे. अशा गाडीला नायट्रसची बाटली जोडावी की न जोडावी, हा प्रश्न देशोदेशींच्या गॅरेजांतून विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा बाटलीच्या गुणांवरून दिले जाते. वास्तविक ते इंजिनाच्या अंगी किती शिल्लक आहे यावरून द्यावयास हवे, आणि हे समजून घेण्यास या वायूच्या इतिहासाइतके चांगले साधन नाही.

हा वायू प्रथम तयार केला तो इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने, १७७२ साली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १७९९ मध्ये, ब्रिस्टल येथील टॉमस बेडोज यांच्या संस्थेत हंफ्री डेव्ही नावाचा वीस वर्षांचा तरुण तो रेशमी पिशवीतून स्वतःच हुंगू लागला. वायूने अंगात गुदगुल्या होतात, हसू फुटते, दुखणे बोथट होते, असे त्याला आढळले. कोलरिज आणि सदी या कविमित्रांनीही त्या पिशवीची चव घेतली. शस्त्रक्रियेतील वेदना शमविण्यास हा वायू उपयोगी पडू शकेल, असे डेव्हीने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुचविले होते. परंतु त्या सूचनेकडे वैद्यांचे लक्ष जावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. अशा रीतीने जत्रेतील करमणुकीचा हा वायू दवाखान्यात शिरला. इंजिनाशी त्याचा संबंध येण्यास आणखी एक शतक जावे लागले.

तो संबंध कोणता, हे त्याच्या घडणीवरून ध्यानात येते. नायट्रस ऑक्साइडच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक अणू असतो. वजनाने पाहिल्यास त्यात छत्तीस टक्के प्राणवायू भरतो, म्हणजे हवेच्या दीडपटीहून अधिक. तो स्वतः जळत नाही. मात्र सिलिंडरातील ज्वलनाच्या उष्णतेत त्याचा रेणू फुटतो, प्राणवायू मोकळा होतो, आणि फुटता फुटता थोडी उष्णताही देऊन जातो. दुसरा गुण त्याहून सोयीचा आहे. दाबाखाली हा वायू द्रवरूपात बाटलीत राहतो, आणि बाहेर पडताच उणे अठ्ठ्याऐंशी अंशांवर उकळून वाफ होतो. त्या उकळण्याने आत जाणारी हवा थंड व म्हणून दाट होते. म्हणजे प्राणवायूचा पुरवठा दोन बाजूंनी वाढतो. परंतु प्राणवायू वाढला की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढविले पाहिजे. हवेच्या पावणेपंधरा भागांना पेट्रोलचा एक भाग पुरतो. नायट्रसच्या साडेनऊ भागांनाच तो खर्ची पडतो. हे प्रमाण पुढे पुन्हा आठवावे लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी विमानांच्या रचनाकारांपुढे जी अडचण होती, ती मुळात श्वासाची होती. दहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एकतृतीयांशावर येते. हवा दाबून आत ढकलणारा सुपरचार्जर विमानाच्या इंजिनाला जोडलेला असे; पण एका ठराविक उंचीनंतर तोही अपुरा पडे. मग खाली हजार अश्वशक्तींहून अधिक बळ देणारे इंजिन वर धापा टाकू लागे. शत्रूचे टेहळणी विमान चार हातांवर वरून जात असावे, आणि लढाऊ विमानाला तेथवर पोचण्याचा दम उरू नये, अशी ती अवस्था होती.

जर्मनीत ओटो लुट्झ या अभियंत्याने १९४० मध्ये या अडचणीवर नायट्रस ऑक्साइडचा तोडगा काढला. या योजनेला 'जीएम-१' असे नाव मिळाले. मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या काही प्रकारांत, तसेच काही बाँबफेकी व टेहळणी विमानांत ती बसविली गेली. आरंभी वायू दाबाखाली जाड भांड्यांतून नेत. पुढे तो अतिथंड द्रवाच्या रूपात नेणे अधिक फायद्याचे ठरले, कारण त्याने हवा जास्त थंड होई, आणि गोळी लागल्यास धोकाही कमी असे. उणेपणा इतकाच की असा द्रव साठवून ठेवता येत नसे. भरला की लवकर वापरावा लागे, नाही तर वाफ होऊन उडून जाई.

या योजनेची एक अट फार महत्त्वाची आहे, आणि आजचा मोटारवाला नेमकी तीच विसरतो. सुपरचार्जर जेथवर पुरा पडतो तेथवर जीएम-१ चा उपयोग करावयाचा नसे. त्याच्या वरच तो करावयाचा. खालच्या हवेत इंजिनाला प्राणवायू भरपूर मिळत असे, आणि त्याचे दट्टे, दांडे व झडपा आपल्या ताकदीच्या सीमेवरच काम करीत असत. तेथे आणखी प्राणवायू दिला असता इंजिन फुटलेच असते. उंचावर मात्र हवेच्या टंचाईमुळे तेच इंजिन आपल्या ताकदीच्या कितीतरी खाली राबत असे. तेथे बाटलीतील वायू त्याला त्याचेच गमावलेले बळ परत देई. त्याच्या घडणीने जेवढे सोसावे असे ठरले होते, तेवढेच त्याला सोसावे लागे.

खालच्या उंचीसाठी जर्मनांनी दुसरा उपाय वापरला, आणि त्याचे तत्त्व अगदी वेगळे होते. 'एमडब्ल्यू-५०' या नावाने पाणी आणि मिथेनॉल यांचे जवळपास समभाग मिश्रण हवेत फवारीत. त्याचे काम प्राणवायू पुरविण्याचे नव्हते. आतील मिश्रण थंड ठेवून ते अकाली भडकू न देण्याचे होते. तसे झाले की सुपरचार्जरचा दाब काही काळ वाढविता येई. हा काळही मोजलेला असे. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वापर करावयाचा नाही, आणि दोन वापरांमध्ये निदान पाच मिनिटे इंजिनाला विसावा द्यावयाचा, असा नियम होता. एका रोगावर एक औषध, दुसऱ्यावर दुसरे, आणि दोन्हींची मात्रा घड्याळावर! युद्धाच्या धुमाळीतसुद्धा हा विवेक सुटला नाही, याचे कारण इंजिन गेले तर वैमानिकही जातो, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

इंग्रजांनी याच अडचणीला निराळे उत्तर शोधले. रोल्स-रॉइस कारखान्यात स्टॅन्ली हुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्लिन इंजिनासाठी दोन टप्प्यांचा सुपरचार्जर तयार केला. पहिल्या टप्प्यात दाबलेली हवा दुसऱ्या टप्प्यात आणखी दाबावयाची आणि मध्ये-शेवटी ती थंड करावयाची, अशी ही रचना. १९४२ च्या उन्हाळ्यात ती स्पिटफायर विमानाच्या नवव्या आवृत्तीतून युद्धात उतरली. येथे मोजून संपणारे काही नव्हते. इंजिनाचा दमच मुळापासून वाढविला होता, आणि त्या वाढलेल्या दमाला साजेशी बाकीची घडणही तपासून घेतली होती. परंतु ज्या विमानांना हे नवे इंजिन मिळाले नाही, त्यांचे काय? मॉस्किटो या लाकडी बांध्याच्या विमानाच्या रात्री लढणाऱ्या काही तुकड्यांत एकाच टप्प्याच्या सुपरचार्जरचे मर्लिन होते. १९४४ च्या आरंभी जर्मन बाँबफेकी विमाने लंडनवर पुन्हा येऊ लागली, तेव्हा त्यांना वरच्या हवेत गाठण्यासाठी इंग्रजांनीही अशा काही मॉस्किटोंना नायट्रस ऑक्साइडची टाकी जोडली. म्हणजे ज्याला इंजिन बदलणे शक्य होते त्याने इंजिन बदलले, आणि ज्याला ते शक्य नव्हते त्याने काही मिनिटांसाठी प्राणवायू उसना घेतला. या उसनवारीची किंमत विमानाला सतत मोजावी लागे. टाकीचे ओझे उड्डाणभर वाहावयाचे, आणि उपयोग मात्र घटकाभराचा.

युद्ध संपले. जेट इंजिन आल्यावर लढाऊ विमानांच्या जगात दट्ट्याच्या इंजिनाचे महत्त्व ओसरले, आणि ही विद्या जमिनीवर उतरली. मोटारीच्या एका कारखान्याने तिचा प्रयोग सामान्य ग्राहकावर केला, ती कथा बोधप्रद आहे. १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबील कंपनीने 'जेटफायर' नावाची गाडी विक्रीस आणली. साडेतीन लिटरच्या तिच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडून २१५ अश्वशक्ती मिळविल्या होत्या. इंजिन अकाली भडकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. जर्मन विमानांतील एमडब्ल्यू-५० चाच हा शांततेतील अवतार होय. अभियंत्यांनी टाकी रिकामी झाल्यास दाब आपोआप कमी व्हावा अशी सोयही केली होती. उणीव राहिली ती माणसात. वैमानिकाला मोजमापाची शिस्त होती. बाजारहाटाला निघालेल्या गृहस्थाला ती नव्हती. मालक टाकी भरावयास विसरत, मग गाडी मंद चाले, आणि तक्रारी येत. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या बनल्या, आणि पुढे त्यांतील अनेकींवरचा टर्बोचार्जर उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्यात आला.

नायट्रसची वाट शर्यतींतून गेली. सरळ पाव मैलाच्या धावपट्टीवर काही सेकंदांत निकाल लागणाऱ्या अमेरिकन शर्यतींना हा वायू सोयीचा होता, कारण तेथे गरजच काही सेकंदांची असते. १९७६ च्या फेब्रुवारीत त्याची अपकीर्तीही गाजली. डेटोना येथील पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी प्रारंभस्थाने ठरविणारी फेरी झाली, तेव्हा ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप हे पहिले दोघे चालक नायट्रसच्या कारणावरून बाद ठरविण्यात आल्याचे शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, आणि सर्वांच्या पुढून निघण्याचा मान रेमो स्टॉट या चालकाकडे गेला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा वाद पाचशे मैलांच्या शर्यतीचा नव्हता, काही मिनिटांच्या फेरीचा होता. १९७८ मध्ये माइक थर्मॉस आणि डेल वाझ्नायन यांनी कॅलिफोर्नियात या वायूची साधने विकणारी कंपनी काढली, आणि जे काम पूर्वी मोजक्या कारागिरांच्या हाती होते ते पेटीत बंद होऊन कोणालाही मिळू लागले. २००१ सालच्या 'द फास्ट अँड द फ्यूरियस' या चित्रपटाने तर ती निळी बाटली जगभरच्या तरुणांच्या डोळ्यांत भरविली. पडद्यावर कळ दाबली की गाडी बाणासारखी सुटते. दट्ट्यावर काय गुदरते ते पडद्यावर दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. समुद्रसपाटीजवळच्या रस्त्यावर धावणारी मोटार ही दहा हजार मीटरवरच्या मेसरश्मिटसारखी नाही. तिला हवेची टंचाई नाही. पूर्ण वेगात असताना तिचे इंजिन आपल्या घडणीने नेमून दिलेले सगळे काम करीतच असते. म्हणून विमानात ज्या वायूने गमावलेले बळ परत आणले, तोच वायू येथे इंजिनाला त्याच्या नेमल्या मर्यादेपलीकडे लोटतो. भारतात विमानासारखी स्थिती शोधावयाची, तर ती लेहसारख्या ठिकाणी सापडेल. तेथे साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो आणि साधे इंजिन जवळजवळ एकतृतीयांश बळ गमावून बसते. पण घाट दिवसभराचा असतो. साडेचार किलो वायूची नेहमीची बाटली शंभर जादा अश्वशक्ती फार तर दीडदोन मिनिटे पुरविते. दिवसभराची टंचाई टर्बोचार्जरनेच भागवावी लागते.

तेव्हा सगळे येऊन ठेपते ते कारखान्याने आत ठेवलेल्या शिलकीवर. प्रत्येक कारखाना थोडी शिल्लक ठेवतो. खराब पेट्रोल, कडक उन्हाळा, निष्काळजी मालक यांचा विचार करूनच ती ठेवलेली असते. थोडा वायू घेणारे इंजिन तगते ते या शिलकीच्या जोरावर. परंतु ती शिल्लक सर्व इंजिनांत सारखी नसते. अमेरिकेत ज्या मोठ्या इंजिनांवर ही विद्या वाढली, त्यांत आठ सिलिंडर आणि एकूण पावणेसहा लिटरांच्या आसपास पोकळी असे. अशा इंजिनाला शंभर अश्वशक्ती जादा दिल्या, तर सातशे घनसेंटिमीटरच्या एकेका सिलिंडरवर साडेबारा अश्वशक्तींचा भार येतो. आपल्याकडील बाराशे घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाला पन्नासच दिल्या, तरी प्रत्येक सिलिंडरवर तोच साडेबारांचा भार पडतो. मात्र तो सोसणारा सिलिंडर तीनशे घनसेंटिमीटरचा असतो. आकडा अर्धा झाला म्हणून धोका अर्धा होत नाही.

या भाराने मोडते काय, तेही पाहावे. रोजच्या गाडीचा पिस्टन बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो उष्णतेने कमी फुगतो, आवाज कमी करतो आणि लाखो किलोमीटर चालतो. पण आतील मिश्रण अकाली भडकून हातोड्यासारखे ठोके बसू लागले, की ठिसूळपणाने तडकतो. शर्यतीच्या इंजिनात घडीव पिस्टन घालतात ते याचसाठी. पिस्टनवरच्या कड्यांच्या दोन टोकांत जी बारीक फट ठेवलेली असते, तीही नेहमीच्या उष्णतेला पुरेल इतकीच असते. उष्णता वाढली की टोके एकमेकांना भिडतात आणि कड्याची खाच फुटते. येथेच साडेनऊचे ते प्रमाण आठवावे. वायू वाढला आणि पेट्रोलचा पंप त्याला पुरा पडला नाही, तर मिश्रण दुबळे होऊन उष्णता भडकते, आणि पिस्टनला भोक पडावयास काही सेकंद पुरतात. बाटलीतून वायू दर सेकंदाला सारखाच वाहतो, म्हणून इंजिन निम्म्या फेऱ्यांवर असेल तर दर स्फोटाला दुप्पट वायू वाट्यास येतो. यासाठी इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असताना आणि पाय पूर्ण दाबलेला असतानाच तो सोडतात. ठिणगीही थोडी उशिरा द्यावी लागते, प्लग अधिक थंड जातीचे लागतात, पेट्रोल वरच्या ऑक्टेनचे लागते. सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्याने यांतील एकही गोष्ट साधत नाही.

भारतात आणखी दोन गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो. हा वायू ३६.४ अंश सेल्सियसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही; त्यापुढे बाटलीतील दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात नागपूरची सावलीच या अंकाच्या वर असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीची तर गोष्टच नको. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे पडतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे उचलून धरले. सार्वजनिक रस्त्यावर तर या वेगाची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागण्याचा संभव असतो. पादचाऱ्याच्या अंगी शिल्लक म्हणून काही नसते.

मग हा वायू कोणी वापरूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. बंदिस्त धावपट्टीवर ज्याचे इंजिन निरोगी आहे, ज्याने सर्व सिलिंडरांचा दाब मोजून पाहिला आहे, पेट्रोलचा पुरवठा वाढविला आहे, मात्रा सर्वांत लहान घेतली आहे, आणि इंजिन गेले तर ते नव्याने बांधण्याचा खर्च ज्याने आधीच बाजूला काढून ठेवला आहे, त्याचा निर्णय विचारी म्हणता येईल. ज्याला त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे आहे, त्याने बाटलीच्या किमतीत चांगले टायर आणि ब्रेक घ्यावेत, हे अधिक शहाणपणाचे.

लुट्झच्या काळापासून एक गोष्ट बदललेली नाही. प्राणवायू बाटलीतून येतो, पण त्याने उठणारा दाब पिस्टनला, दांड्याला आणि बेअरिंगलाच झेलावा लागतो. विमानांच्या अभियंत्यांनी कोणत्या उंचीवर, किती मिनिटे आणि कोणत्या हिशेबाने, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून झडप उघडली नाही. मोटारीच्या मालकाला उंचीचा प्रश्न फारसा पडत नाही. उरलेले दोन मात्र त्याला बाटली विकत घेण्यापूर्वीच सोडवावे लागतात. कारण कळ दाबल्यानंतर त्यांची उत्तरे इंजिन देते, आणि तोवर मालकाच्या हाती काही उरलेले नसते.